बाहेरच्या कडेचं मीठ

"रस्ता फार सुंदर झालाय," कॉलिन म्हणाला. "पण याच्यावर मला गाडी चालवता येणार नाही."

तो बुटाची टाच जमिनीवर आपटत होता. टाच आत जात नव्हती. ती जाऊ नये म्हणूनच तर आम्ही आठवडाभर रोलर फिरवला होता. मी अन्वरभाईंकडे बघितलं. अन्वरभाईंनी आभाळाकडे बघितलं.

मी मटेरियल इंजिनियर. मूळची नाशिकची, आता बरीच वर्षं दोह्यात. रस्ता करण्याआधी खालची माती किती घट्ट बसली आहे, किती ओली आहे, पुढे खचेल का, हे तपासून सांगायचं, हे माझं काम. स्वभाव तापट आहे आणि बूड एका जागी टिकत नाही, म्हणून ऑफिसपेक्षा साइटवर बरी असते. अन्वरभाई रत्नागिरीचे. एका इव्हेंट कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर. एका बड्या क्लायंटला आपल्या पाहुण्यांसाठी स्पीडवेचा शो करायचा होता. इंग्लंडहून चार रायडर येणार, चार रेस होणार, मग जेवण. ट्रॅक करायचं काम अन्वरभाईंकडे आलं आणि त्यांनी ते एका रस्तेवाल्याला दिलं. माती तपासायला मला बोलावलं. क्लायंटच्या सेफ्टीवाल्यांची अट होती की इंजिनियर 'ठीक आहे' म्हणाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर उतरणार नाही.

आता स्पीडवे म्हणजे काय, तर ते मलाही त्या चौघांपैकी आधी आलेल्या कॉलिननेच सांगितलं. मातीचा लंबगोल ट्रॅक. चार मोटरसायकली, चार राउंड, साधारण एका मिनिटात खेळ संपतो. सगळी वळणं डावीकडेच. गाडीला गिअर एकच. आणि ब्रेक नाही.

"नाही म्हणजे?" मी विचारलं.

"नाही म्हणजे बसवतच नाहीत."

"मग वळणावर काय करता?"

"गाडी आडवी घालतो. मागचं चाक मातीत रुततं, माती उडवत घसरतं, आणि त्या घसरण्यावरच वळायचं. तुझ्या रस्त्यावर चाक रुतणारच नाही. मी सरळ कुंपणात जाईन."

आयुष्यभर गाड्या घसरू नयेत म्हणून मी पगार घेतला आणि हा माणूस म्हणत होता, घसरली पाहिजे. रस्तेवाल्याने त्याला येत होतं ते मन लावून केलं होतं, मी मला येत होतं ते मन लावून तपासलं होतं. आमच्यापैकी एकालाही रायडर येईपर्यंत थांबावं असं वाटलं नव्हतं. आमच्या धंद्यात रस्ता होईपर्यंत त्याच्यावरून जाणाऱ्याला कोण विचारतं?

"किती सैल पाहिजे?" मी विचारलं.

त्याने दोन बोटं आडवी धरली. "वरती एवढी. खाली तुझा रस्ता राहू दे. पण वरची माती सगळीकडे सारखी हवी. कडक असली तरी चालवतो, सैल असली तरी चालवतो. एका जागी एक आणि पुढच्या जागी दुसरी असली, की माणूस मरतो."

हे वाक्य तो चहा मागावा तितक्या सहज बोलला. मला मात्र त्या दिवसापासून नीट झोप लागली नाही.

मग ग्रेडरच्या लांब पात्याने वरचा थर खरवडला. इथली माती म्हणजे चुनखडीची भुकटी आणि वाळू, तिला धरून ठेवायला काही नाही. म्हणून उम्म सलाल मोहम्मदच्या शेतांकडून ट्रकने बागेची माती आणली. इथे तिला स्वीट सॉइल म्हणतात, बिनखारी तांबूस माती. ती मिसळली, गोडं पाणी मारलं, पुन्हा खरवडली. कॉलिन दिवसभर ट्रॅकवर गोल गोल चालत असायचा. डाव्या बुटाला रायडर लोक लोखंडी तळ लावतात, वळणावर तो पाय जमिनीला घासत नेतात. तसा बूट घालून तो दर चार पावलांनी जमीन उकरायचा, मान हलवायचा, पुढे जायचा. मीही त्याच्या मागे. एक उकरतोय, एक तपासतेय. आम्हा दोघांना चालताना बघून अन्वरभाई म्हणाले, "ताई, तुम्हा दोघांना खुर्ची टोचते का?"

चालता चालता कॉलिन थोडंथोडं बोलायचा. पंधराव्या वर्षापासून रेस करतोय. मोठा चॅम्पियन वगैरे कधीच झाला नाही. सोमवारी एका गावी, बुधवारी दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या, गाडी व्हॅनमध्ये घालून स्वतःच चालवत न्यायची. दोन्ही बाजूंची कॉलरबोनची हाडं मोडली होती, डावं तर कितीदा ते त्यालाही आठवत नव्हतं. बोलताना सारखा तिथे हात जायचा. मागच्या सीझनला त्याच्या क्लबने निरोपाची रेस ठेवली. त्या दिवशी पाऊस आला. ओल्या ट्रॅकवर रेस होत नाही. पुढची तारीख दिली, पुन्हा पाऊस. मग क्लबच बंद पडला. मैदान विकलं गेलं, आता तिथे घरं उठतायत.

"म्हणजे शेवटची रेस झालीच नाही?"

"शेवटची झाली असणार. फक्त ती शेवटची आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं." तो हसला. "म्हणून हे काम घेतलं. म्हटलं, कतारमध्ये पाऊस तरी येणार नाही."

त्याची बायको जेनही आली होती. मुशैरिबमधल्या हॉटेलात उतरली होती. इतक्या वर्षांत तिने त्याची एकही रेस पाहिली नव्हती. मैदानावर यायची, पण रेसच्या वेळी व्हॅनमध्ये कान झाकून बसायची. ही शेवटची मात्र बघणार, असं तिने कबूल केलं होतं. हे सांगून तो पुन्हा जमीन उकरायला लागला. मी उगाच ओलाव्याचं मीटर काढून पुन्हा एकदा जमिनीत खुपसलं.

शोच्या आदल्या दिवशी चारही रायडरनी प्रॅक्टिस केली. ट्रॅक जमला होता. कॉलिन उतरला तो हसतच. मी 'ठीक आहे' म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, आज मला जेवायला वाढ, मी काहीही करणार नाही.

शोच्या दिवशी दुपारी साइटवर पोचले. मैदान दोह्याच्या दक्षिणेला, बिरकत अल अवामेरच्याही पुढे. स्टँडमध्ये पांढरे सोफे लागले होते, त्यांच्यापुढे पांढरे गालिचे. गाडीतून उतरले तर चेहऱ्याला दमट हवा लागली. रोज कोरडा वारा उत्तरेकडून यायचा. आज तो फिरून समुद्राकडून येत होता. इथल्या लोकांना ही हवा ओळखीची आहे. चष्मा लगेच धुरकट होतो.

सवयीने ट्रॅकला एक फेरी मारली. आतल्या बाजूला सगळं ठीक. स्टँडसमोरच्या वळणावर मात्र बाहेरच्या कडेला एक गडद पट्टा दिसत होता. दुपारच्या उन्हात ओला. मी वाकून बोट लावलं. वर चिकट, गुळगुळीत. नखाने खरवडलं तर खाली पापुद्रा, पापडासारखा कडक.

मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

हे किळसवाणं वाटेल, पण मातीत काम करणारे आम्ही जुने लोक हे करतो. लॅबचा रिझल्ट उद्या येतो, जिभेचा लगेच. माती खारट लागली. साधी खारट नाही, लोणच्याच्या बरणीतल्या तळासारखी.

"अन्वरभाई!" मी ओरडले. "इथे पाणी कुठलं मारलंय?"

अन्वरभाई धावत आले. "काल प्रॅक्टिसला किती धूळ उडाली, बघितलीत ना. क्लायंट म्हणाला, पाहुणे पांढरे कपडे घालून येणार, सोफ्यावर एक कण नको. म्हणून सकाळी स्टँडच्या बाजूने दोन टँकर मारून घेतले. आता बघा, धूळ कशी बसली."

"पाणी कुठलं?"

"त्या पलीकडच्या खोदकामावर पंप चालू असतो ना, तिथलं. जवळ पडतं. सगळे रस्तेवाले तेच मारतात, ताई. तुम्हाला काय नवीन आहे?"

नवीन काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत. या देशात खड्डा खोदला की खालून समुद्राइतकं किंवा त्याहून खारं पाणी लागतं. ते उपसून टाकावंच लागतं. मग टँकरवाले ते कच्च्या रस्त्यांवर मारतात. मीठ हवेतला ओलावा धरतं आणि धूळ बसते. कच्च्या रस्त्याला ही युक्ती उत्तम. मीच दहा ठिकाणी सांगितली असेल. कोरडी हवा असती तर आजही फार बिघडलं नसतं. पण हवा दमट झाली की मीठ ती ओल पीत राहतं, आणि संध्याकाळी अजून पिणार होतं. म्हणजे आतला ट्रॅक सैल आणि कोरडा, बाहेरची कडा चिकट, तिच्याखाली कडक पापुद्रा. एका जागी एक आणि पुढच्या जागी दुसरी. कॉलिनचं वाक्य डोक्यात आलं.

"शो होणार नाही," मी म्हटलं.

अन्वरभाईंचा चेहरा उतरला. "असं नका बोलू, ताई. अजून वेळ आहे. काय पाहिजे ते सांगा. खरवडू? ग्रेडर आहे."

"खरवडा. आणि गोडं पाणी आणा."

ग्रेडर आला. वरचा थर काढला, उरलेली सगळी स्वीट सॉइल तिथे पसरली. गोड्या पाण्याच्या टँकरला फोन केला. तो फिलिंग स्टेशनच्या लाइनीत होता. "यल्ला, यल्ला, लवकर निघ," अन्वरभाई फोनवर ओरडत होते आणि पलीकडचा माणूस इन्शाल्ला म्हणत होता. शेवटी अन्वरभाईंनी पाहुण्यांच्या टॉयलेटसाठी भरलेली टाकी रिकामी करायला लावली.

"पाहुण्यांनी हात कुठे धुवायचे?" त्यांच्या माणसाने विचारलं.

"आमच्या तोंडावर," अन्वरभाई म्हणाले.

मी पट्ट्याच्या कडेने येरझाऱ्या घालत होते. पाच मिनिटं बरं दिसायचं. मग नव्या मातीखालून पुन्हा गडद डाग वर यायचा. एक इथे, एक तिथे. मीठ खोल गेलं होतं, दोन टँकर पाणी म्हणजे थोडं नव्हे. मी तेवढ्यात तीनदा माती चाखली. ओठ चरचरायला लागले.

कॉलिन हॉटेलातून लवकर आला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो सरळ त्या वळणावर गेला आणि लोखंडी बूट जमिनीत मारला. मग चार पावलं आत येऊन मारला. पुन्हा बाहेर जाऊन मारला. मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. पाणी, मीठ, हवा. तो ऐकत होता आणि त्याचा हात कॉलरबोनवर होता.

"पाणी," तो म्हणाला. "इथेही पाणीच."

मला रडू आलं. खरंच आलं. मी पटकन गॉगल लावला.

तेवढ्यात अन्वरभाई आले. "कॉलिन, आतल्या बाजूने चालवा ना. बाहेरच्या कडेला जायचंच नाही. चौघांना सांगून ठेवू."

ही युक्ती मलाही सुचली होती आणि मनातून वाटत होतं की कॉलिनने हो म्हणावं. त्याची ही एकच संध्याकाळ होती. त्याने हो म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

कॉलिनने बुटाने पुन्हा एकदा जमीन उकरली. मग म्हणाला, "मी एकटा एकदा जाऊन बघतो."

"नाही," मी म्हटलं.

"डाग कुठे आहेत ते मला माहीत आहे. माहीत असताना कोणी पडत नाही."

"तू पडलास तर?"

"मग तुला कोणाला समजवायची गरज उरणार नाही."

सेफ्टीवाला माझ्याकडे बघत होता. अँब्युलन्स गेटवर उभी होती, ती मी वळणापाशी आणायला लावली. मग होकारार्थी मान हलवली. चूक केली की बरोबर, माहीत नाही. या माणसाला थांबवायची ताकद माझ्यात नव्हती, एवढं खरं.

ऊन उतरलं होतं. स्टँडमध्ये कोणी नव्हतं, एक माणूस तेवढा गालिच्यावर झाडू मारत होता. ट्रॅकच्या कडेला मी, अन्वरभाई, सेफ्टीवाला, ग्रेडरवाला आणि बाकीचे तीन रायडर. त्या तिघांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. तो आवाज सांगता येत नाही, छातीत कोणी हातोडा मारावा तसा. जळक्या इंधनाचा गोडसर वास आला आणि कॉलिन सुटला.

पहिल्या राउंडला तो आतल्या बाजूने गेला. गाडी आडवी, डावा बूट जमिनीवर, मातीचा फवारा मागे. इतके दिवस मी त्याला चालताना बघितलं होतं, थोडा लंगडायचा. गाडीवर तो माणूस वेगळाच होता. दुसरा राउंड तसाच, तिसरा त्याहून वेगात. झाडूवाल्याने झाडणं थांबवलं. अन्वरभाई पुटपुटले, "बघा ताई, जमतंय की."

चौथ्या राउंडला तो वळणावर बाहेर गेला. मुद्दाम. सरळ त्या पट्ट्यावर.

मागचं चाक आधी सुटलं, मग एकदम पकडलं. गाडी वाकडी होऊन उभी उसळली आणि कॉलिन सीटवरून वर फेकला गेला. हात तेवढे हँडलवर राहिले. मी डोळे मिटले. आवाज थांबला नाही, म्हणून उघडले. गाडी कुंपणाला घासत पुढे गेली होती आणि तो कसाबसा तिच्यावर होता. अर्धा राउंड हळूहळू येत तो आमच्यापुढे थांबला. हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक.

"नाही," तो म्हणाला. "कॅन्सल करा."

अन्वरभाईंना राहवलं नाही. "अहो, पण तुम्ही आतून तीन राउंड मस्त केलेत. बाहेर गेलातच कशाला? आतून या आणि हो म्हणा, एवढंच होतं."

कॉलिनने बाकीच्या तिघांकडे मान वळवली. "आतून मी जाईन. चार जण एकदम वळणावर आले की एकाला बाहेर जावंच लागतं. त्याला निवडायला मिळत नाही."

तिघांपैकी एकाने त्याच्या हातातून गाडी घेतली आणि ढकलत नेली.

कॉलिनने तिथेच मातीत बसून जेनला फोन लावला. मी शेजारीच होते. "कॅन्सल झालं," तो म्हणाला. मग, "नाही, पाऊस नाही. मीठ." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, चालवली. चार राउंड." मग तो फक्त ऐकत होता. फोन ठेवून मला म्हणाला, "म्हणते, बरं झालं, मला बघावं नाही लागलं." आणि हसला. हसता हसता तोंड फिरवलं. मीही दुसरीकडे बघत बसले. त्या माणसाला तेवढा वेळ तरी द्यायला हवा होता.

पाहुणे आले. अन्वरभाईंनी चारही गाड्या गालिच्यावर मांडल्या. रायडर शेजारी उभे राहिले, मधून मधून इंजिनाचा आवाज काढून दाखवत होते. पाहुण्यांनी भरपूर सेल्फी काढले, दोन लहान मुलींना कॉलिनने सीटवर बसवलं. क्लायंट एवढा खूश झाला की म्हणाला, पुढच्या वेळी असंच करू, ट्रॅकची कटकट नको. टॉयलेटमध्ये पाणी नसल्याची तेवढी तक्रार आली. अन्वरभाई क्लायंटचे आभार मानत शुक्रन म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळे मिटले.

घरी गेले तर लेकीने विचारलं, "So who won, Aai?"

"कोणी नाही गं."

"Then what did they come for?"

काय सांगणार? म्हटलं, "चौघं आपापल्या पायांनी घरी गेले." तिने खांदे उडवले आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

कॉलिनचा परवा मेसेज आला. एका छोट्या क्लबने त्याला ट्रॅक बघायला ठेवलंय. गाडी नाही, फक्त माती आणि पाणी. तिथे तर नळाचं गोडं पाणी आहे, तरी रेसच्या आधी तो बाहेरच्या कडेची माती जिभेवर ठेवतो, आणि लोक त्याला वेडा म्हणतात. मी लिहिलं, इथेही म्हणतात.

आता नव्या साइटवर गेले की मातीचं मी नंतर विचारते. आधी टँकरवाल्याला गाठते आणि पाणी कुठून भरलं ते विचारते. साइट अन्वरभाईंची असेल तर ते मागून हाक मारतात, "ताई, आधी चहा तरी घ्या." मी आधी त्या चहाचं पाणी चाखते.